साताऱ्याच्या साहेबाचं काळं मेंढरू

भेंडवस्ती, ता. आटपाडी
२९ ऑक्टोबर १९७४

भावजींना हरणाबाईचा नमस्कार. मेंढरं खुशाल हायत, माणसं बी खुशाल हायत. आत्याबाईंचा खोकला हाय तसाच हाय. तुमची खुशाली तुमी कळवत न्हाई, म्हणून मी बी इचारत न्हाई.

राग आलाय म्हणून लिवते. तुमचं दादा म्हणलं, "कशाला लिवतीस? त्यो काय उत्तर देणार हाय?" मी म्हणलं, घरात चौथी शिकल्याली मी एकटी, माझ्याबिगर लिवणार कोण? मेंढरं?

तुमी बी.ए. झालासा म्हणून आबांनी तुमाला घोड्यावर बसवून गावातनं मिरवलं, त्याला दोन वरसं झाली. गजी ढोल काय, भंडारा काय, अख्खं गाव पिवळं झालं व्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी "साताऱ्याला नोकरी लागलीया" म्हणून तुमी पिशवी घिऊन गेलासा, ते गेलासाच. पत्र न्हाई, निरोप न्हाई. आबा रोज एस्टीच्या टायमाला फाट्यावर जाऊन बसत्यात. कुणी इचारलं तर म्हणत्यात, कोकरू चुकलंय, हुडकाय आलोय.

शेवटाला आबांनी तात्याबा हवालदारांकडनं, तुमी कॉलेजला असताना साताऱ्यात ज्या बोर्डिंगात ऱ्हायचासा तिथल्या साहेबाला इंग्रजीत पत्र घातलं, की आमचा सिद्धू कुठं हाय. त्याचं उत्तर काल आलं. ते बी इंग्रजीत.

हवालदार तुमाला ठावंच हायत. उभी हयात पलटणीत गेली, इंग्रजी बोलत्यात झ्याक, पर त्यांच्या बोलण्याचा अर्थ आमाला कधी लागत न्हाई. मागं आबांनी इचारलं, औंदा समदी मेंढरं कोकणात न्ह्यावी का? तर हवालदार म्हणलं, "डोंट पुट ऑल युवर एग्ज इन द सेम बोट." म्हंजी समदी अंडी एका होडीत ठिवू नगासा. आता आमी अंडी कवा होडीत घातली? आन् माणगंगेला होडीपुरतं पाणी तरी असतंय का? पोलीस पाटलाला म्हणलं, "व्हेन द कॅट इज अवे, लेट इट रेन." मांजर भाईर गेलं की पाऊस पडतोय म्हणं. तवापास्नं गावातल्या पोरांनी एक मांजर घरात ठरू दिलं न्हाई.

तर काल बिरोबाच्या देवळाम्होरं समदी जमली आन् हवालदारांनी चष्मा लावला. साहेबानं पयल्या झूट लिवलंय, तुमचा मुलगा तुमच्या घरातलं काळं मेंढरू हाय.

आबा उठून हुबं राह्यलं. "काय म्हणला? परत वाच."

"ब्लॅक शीप. काळं मेंढरू. साफ लिवलंय की."

भावजी, तुमाला काय सांगायचं? आपल्या मेंढरांच्या वाड्यात काळ्याचा मान काय असतो ते तुमी जाणतासा. पांढरी, तांबडी किती का असंनात, देवाच्या घोंगड्याला लोकर काळ्याचीच लागती. काळं मेंढरू आबा इकत न्हाईत, कसाई आला तर त्याच्या नजरंला सुदिक पडू देत न्हाईत. आबांनी पटका काढून देवाम्होरं ठिवला. म्हणलं, "साताऱ्याचा साहेब, न धनगर न कोण, पर पारख बग त्याची!"

फुडं लिवलं व्हतं की तुमी समद्यांच्या डोळ्यांवर लोकर वढली. आबा म्हणलं, "थंडीत पोरांच्या अंगावर आपलं घोंगडं घातलं आसंल. ल्हान असताना कोकराला बी आपल्या खोळीत घ्यायचा." मग लिवलंय की तुमी मागचं पूल जाळलं. हितं आबा जरा दचकलं, सरकारी पूल म्हणल्यावर गुन्हा झाला न्हवं. पर हवालदार म्हणलं, लढाईत माघारी फिरायचं न्हाई असं ठरिवल्यालं मर्दच पूल जाळत्यात. शेवटाला लिवलंय, झोपल्याली कुत्री झोपू द्या. हे मातर आबांना पटलं न्हाई. म्हणलं, "हितं चुकला साहेब. राखणीचं कुत्रं झोपलं तर लाथ घालून उठवावं."

खाली तुमचा पत्ता व्हता. कोयनानगर, वसाहतीचं स्टोअर. तुमची ट्रंक साहेबानं तिकडं धाडल्याली म्हणं.

आबांनी गूळ वाटला. घरातली काळी लोकर समदी काढली आन् सनगराकडं घोंगडं इणाय टाकलं. म्हणत्यात, औंदा मेंढरांचा वाडा कोयनेच्या वाटंनं कोकणात न्ह्यायचा आन् घोंगडं सिद्धूच्या अंगावर आपल्या हातानं घालायचं. त्यांचं गुडघं आता पयल्यागत चालत न्हाईत. फुडल्या वरसाला ते वाड्यासंगं येणार न्हाईत, ते त्यांनाबी कळलंय.

माझ्या डोस्क्यात मातर काय शिरंना. साहेब एवढी तारीफ करतोय, तर तुमी घरला का येत न्हाई? आन् कुठला पूल जाळलासा ते तेवढं कळवा. कराडच्या पुलावरनं आमाला मेंढरं न्ह्यायची हायत.

हरणाबाई


विट्याच्या अलीकडं
१७ नोव्हेंबर १९७४

भावजी, दिवाळी झाली आन् वाडा हालला. घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या, कोंबड्यांवर मी न्हाई, मी चालतच हाय. मिठाच्या पोत्यावर कागद ठिवून लिवते, म्हणून वळी वाकड्या हायत.

घोंगडं झालंय. असं काळं झालंय की उन्हात धरलं तर निळं दिसतंय. आबा त्ये घोड्यावर टाकू देत न्हाईत. सोताच्या खांद्यावर घिऊन चालत्यात आन् वाटंत जो भेटंल त्याला थांबवून सांगत्यात, "साताऱ्याच्या साहेबानं माझ्या पोराला काळं मेंढरू म्हणलंय, लेखी!" पत्र बंडीच्या खिशातच असतंय.

आता एक गोष्ट लिवते, राग मानू नगासा. आपली धनगर माणसं ऐकली की आबांच्या पाया पडत्यात. पर काल एस्टीच्या कंडक्टरला सांगितलं तर त्यो फिसकन् हसला. आज एका शाळंच्या मास्तराला सांगितलं. त्यो हसला न्हाई. त्यानं आबांच्या तोंडाकडं बगितलं, मग माझ्याकडं बगितलं आन् म्हणला, "चला, शाळेची वेळ झाली." आज रविवार हाय भावजी. कसली शाळा?

मी तुमच्या दादांना म्हणलं, ह्यात कायतरी हाय. ते म्हणलं, "तुला समद्यात कायतरी दिसतंय. भाकरी बडव." बडवली.

आमी कराडला कृष्णात पाटलांच्या रानात बसतो, दर वरसाचं ठिकाण. मेंढरं बसली की त्यांच्या उसाला खत हुतंय आन् आमाला दाणं मिळत्यात. त्यांच्या पत्त्यावर पत्र घाला. वाट बगते. आबा बी बगत्यात, पर ते सांगत न्हाईत.

हरणाबाई


कराडजवळ, पाटलांचं रान
२६ नोव्हेंबर १९७४

सिद्धू भावजी,

पूल जाग्यावर हाय. आमी त्याच्यावरनंच आलो.

तुमचं कार्ड मिळालं. दोन वरसांनी उत्तर आलं आन् काय लिवलंसा? "वहिनी, येऊ नका. आबांना आणू नका." एवढंच. धाकट्या दिरानं असं लिवावं? मी चुलीपाशी बसून रडले आन् मग उठून पाटलांच्या सूनबाईंकडं गेले. विजयमालाताई सांगलीच्या कॉलेजात शिकल्याल्या हायत. आबांची बंडी धुवायच्या निमतानं साहेबाचं पत्र काढून घेतलं व्हतं, ते त्यांच्याम्होरं ठिवलं. म्हणलं, ताई, तेवढं वाचून दावा, आमच्या हवालदारांनी सांगितल्यालं मला पटंना.

आदी त्या पत्र वाचत व्हत्या. मग मी सांगाय लागले, लोकर कशी, पूल कसा, होडीतली अंडी कशी, मांजर कसं. ताई पदराचा बोळा तोंडात घालून हसाय लागल्या. डोळ्यांतनं पाणी आलं त्यांच्या. मला बी कारण कळंना, पर मी बी हसले. मग मी घोंगड्याचं सांगितलं आन् त्या गपकन् थांबल्या.

"हरणाबाई," त्या म्हणल्या, "इंग्रजीत काळं मेंढरू म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा."

मी म्हणलं, असं कसं हुईल? काळं मेंढरू?

"त्यांच्यात तसंच आहे. आणि डोळ्यांवर लोकर ओढली म्हणजे फसवलं. परीक्षेत नापास झाला आणि सगळ्यांना पास झालो म्हणून सांगितलं. पूल जाळले म्हणजे परतीची वाट स्वतःच बंद केली. झोपलेली कुत्री म्हणजे, आता हा विषय उकरून काढू नका."

भावजी, मी तितंच बसले. मग त्या घोड्यावर बसताना तुमचं तोंड तसलं का झालं व्हतं ते आता कळलं. मी समद्या बायांना सांगत व्हते, आमचं भावजी घोड्याला भित्यात. अवं, नापास झालासा तर झालासा! तुमचं दादा तिसरीत तीनदा बसलं, त्यांना कुणी गावाभाईर काढलं का? सांगायचं व्हतं. आदी मला तरी सांगायचं. मी आबांना कायतरी करून गप केलं असतं. ढोल वाजाय लागल्यावर तोंड उघडलं न्हाई ते समजते मी, पर त्याच्या आदल्या दिशी काय झालं व्हतं?

लय राग आलाय तुमचा. आन् राग आल्यावर भाकरी करपल्या, त्या बी तुमच्यामुळंच.

आता मी काय करू ते सांगा. आबा तिकडं बांधावर पाटलांच्या गड्यांना घोंगडं दावत बसल्यात. गडी हसत्यात. आबांना वाटतंय, खुशीनं हसत्यात. सांगावं तर त्या म्हाताऱ्याचा जीव जाईल. न सांगावं तर कोयनेला जाऊन भर वसाहतीत तुमच्या साहेबांम्होरं "माझं काळं मेंढरू" म्हणून वरडत्याल आन् समदी शिकल्याली माणसं त्यांना हसतील. तुमी "येऊ नका" लिवलंत ते ह्यामुळंच का? तुमाला आबांची लाज वाटती का सोताची? मला समजंना झालंय, खरंच समजंना झालंय.

आमी निघतोय. वाट बदलायची झाली तर आबांना कारण सांगाय लागंल, आन् खोटं कारण मला सुचत न्हाई.

हरणाबाई


पाटण
६ डिसेंबर १९७४

भावजी,

सांगितलं मी. पोटात मावंना झालं. परवा सकाळी आबा कोकरं सोडत व्हतं, मी त्यांच्या म्होरं उभी राह्यले आन् समदं सांगितलं. काळं मेंढरू म्हंजी काय, लोकर म्हंजी काय, तुमी नापास झालासा ते, कार्डात काय लिवलं ते. एक सबूद ठिवला न्हाई.

आबा म्हणलं, "बरं."

बास. घोंगड्याची घडी घातली आन् घोड्यावर टाकली. वाटंत माणसं भेटली, आबांनी कुणाला थांबवलं न्हाई. दुपारची भाकरी कुत्र्याला घातली. तुमचं दादा माझ्यावर असं भडकलं की काय इचारू नगासा. म्हणलं, "तुझ्या तोंडाला कुलूप लावाय पायजे व्हतं." मला बी वाटलं, संपलं, आता आबा वाडा माघारी वळीवत्यात.

आन् काल काय झालं, ऐका. पाटणच्या बाजारात मीठ घ्यायला गेलो. एक पेन्शनर दुकानात बसला व्हता. आबांनी घोड्यावरनं घोंगडं काढलं, खांद्यावर टाकलं, त्याच्याम्होरं गेलं आन् म्हणलं, "साताऱ्याच्या साहेबानं माझ्या पोराला काळं मेंढरू म्हणलंय. लेखी!"

मी कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याच्या डोस्क्यात काय शिरलंच न्हाई का? का इसरलं? त्यांना बाजूला घेतलं. "आबा, परवा सांगितलं न्हवं मी?"

"आयकलं की."

"मग?"

"त्या साहेबानं मेंढरं राखल्यात का कवा?"

"न्हाई."

"त्याच्या आज्यानं?"

"मला काय ठावं, आबा?"

"मग त्याला इचारून मेंढराची किंमत करायची व्हय? त्याला काळं मेंढरू म्हंजी वंगाळ वाटतंय. त्यो त्याचा अडाणीपणा झाला. मी जल्मभर मेंढरांत हाय. काळं मेंढरू काय असतंय ते मला इचार."

"आन् नापास झालं, खोटं बोललं, त्याचं काय?"

आबांनी मिठाची पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली. मग म्हणलं, "मी ढोल लावलं नसतं तर त्यानं सांगितलं असतं. घोड्यावर बसल्यालं पोर कसं सांगंल?"

भावजी, मी त्यांना तसं म्हणलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच काढलं.

आता ते तुमच्यावर रागावल्यात का न्हाई, ते मला इचारू नगासा. मला कळत न्हाई. काल राती जेवताना हसलं, आज सकाळी तुमच्या दादांवर उगंच वरडलं. एकदा म्हणत्यात, कानफटात देतो त्याच्या. घडीभरानं म्हणत्यात, तितं जमीन हालती म्हणं, त्यो झोपतोय तरी कसा?

सोमवारी आमी कोयनेत येतोय. लपायचं असंल तर लपा. पर मेंढरू हुडकायची आबांना सवय हाय.

हरणाबाई


कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणच्या अलीकडं
२ जानेवारी १९७५

भावजींना नमस्कार. मेंढरं खुशाल, माणसं बी खुशाल. घाटात एक मेंढी व्याली, कोकरू काळंकुळकुळीत हाय. आबा त्याला खाली उतरू देत न्हाईत.

गावाकडनं आत्याबाईंनी तात्याबा हवालदारांकडनं पत्र लिवून धाडलंय. समदं निस्तारल्याचं ऐकून हवालदारांनी खाली इंग्रजीत घातलंय, "ऑल इज वेल दॅट एंड्स इन अ टीकप." कपात शेवट झाला की समदं बरं. ह्याचा अर्थ मी लावला, त्या दिवशी तुमच्या खोलीवर तुमी आमाला फुटक्या कपातनं चहा पाजलासा, तेच असंल. विजयमालाताईंना इचारत न्हाई. ह्यो अर्थ ऱ्हावू दे.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिवते.

त्या दिवशी तुमी स्टोअरच्या दारातनं आमाला बगितलं आन् मागल्या बाजूनं पळाय निघालासा. मी बगितलं, न्हाई म्हणू नगासा. पर समदा रस्ता मेंढरांनी भरल्याला, एस्टी थांबल्याली, डायवर हॉर्न मारतोय, साहेबांच्या बायका भाईर आल्याल्या, तुमी जाणार कुठनं? मेंढरांच्या मधी अडकून हुबं राह्यलासा. आबा मेंढरं बाजूला करीत करीत तुमच्यापातूर आलं. तुमी म्हणलासा, "आबा, मी..."

मला वाटलं, आता कानफटात बसती.

आबांनी घोंगडं झटाकलं आन् तुमच्या डोस्क्यावर टाकलं. खोळ अशी खाली वढली की तुमचं तोंड दिसंना, हनवटी तेवढी दिसत व्हती. तुमी आत रडाय लागलासा. घोंगडं समदं हालत व्हतं. एका साहेबाच्या बाईनं मला इचारलं, "थंडी वाजते का त्यांना?" मी म्हणलं, व्हय बाई, आमच्याकडं येवढा गारठा नसतोय.

तुमाला वाटलं असंल, आबा दगडागत हुबं हायत. तुमी मला मागनं म्हणलासा सुदिक, "वहिनी, आबा एक शब्द बोलले नाहीत. अजून राग आहे का?" तवा मी उत्तर दिलं न्हाई, कारण आबा जवळच बसल्यालं.

भावजी, तुमच्या डोळ्यांवर लोकर व्हती, म्हणून तुमाला दिसलं न्हाई. आबा रडत व्हतं. एस्टीतल्या माणसांनी बगितलं, साहेबांच्या बायकांनी बगितलं, तुमच्या दादांनी बगितलं आन् तोंड फिरवलं. एका हातानं पटक्याचा शेव डोळ्यांना लावत व्हतं आन् दुसऱ्या हातानं तुमच्या डोस्क्यावरची खोळ घट्ट धरून ठिवली व्हती, तुमाला वर बगता येऊ नये म्हणून. तुमी दोनदा खोळ वर करायला हात घातलासा, दोनदा आबांनी हात खाली दाबला. लगीन हून आल्यापास्नं मी आबांना रडताना बगितलं नव्हतं. तुमची आज्जी गेली तवा बी न्हाई.

आता साहेबाचं ते लोकरीचं म्हणणं खरं धरायचं तर कुणी कुणाच्या डोळ्यांवर वढली, ते मला अजून उमजत न्हाई. उमजलं तर तुमी कळवा, तुमी इंग्रजी शिकलाय. परीक्षेला परत बसायचं का न्हाई ते बी तुमचं तुमी ठरवा. औंदा ढोल लावणार न्हाई असं आबा म्हणत्यात.

घाट उतरताना आबांनी मला बजावलंय, "त्याला सांगू नगंस." मी सांगितलं न्हाई. लिवलंय.

शिमगा झाला की वाडा माघारी फिरंल. त्याच दारात उभं ऱ्हावा.

हरणाबाई